सव्वीस वेळा हजर

बाबांनी बोट वर केलं, तेव्हा मशीनमधून कसलाच आवाज जात नव्हता.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, त्यांच्या लेकीची दोन खोल्यांची जागा होती. आतली खोली म्हणजे जाड दाराचं खोकंच. भिंतींना भोकाभोकांच्या गाद्या, जमिनीवर गालिचा, बाहेरचा आवाज आत जाईल तर शपथ. पेशंट आत, लेक बाहेर, मधे काच. ती हेडफोनमधून एकेक सूर पाठवायची, आधी ठणठणीत, मग हलका, मग हलक्याहून हलका. ऐकू आलं की बोट वर करायचं, एवढंच पेशंटचं काम. बारा वर्षं ती हेच करत होती. अख्खं रुग्णालय तिला ‘कानवाल्या मॅडम’ म्हणायचं.

बाबांना मात्र आणता आणता तिच्या नाकी नऊ आले होते. घरात रेडिओचा आवाज इतका वाढला होता, की वरच्या मजल्यावरच्यांना बातम्या फुकटात मिळत होत्या. “मला सगळं ऐकू येतं,” हे बाबांचं पालुपद. शेवटी तिनं एका दुपारी त्यांना जवळजवळ धरूनच आणलं.

उजवा कान झाला. पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून तिनं मशीन थांबवलं आणि टोक काढता काढता सहज वर पाहिलं. बाबांचं बोट वर. खाली आलं. तीन-चार सेकंद गेले. पुन्हा वर.

काही पेशंट अंदाजानं बोट वर करतात. बहिरे ठरायची लाज वाटते बिचाऱ्यांना. पण अंदाज करणारा माणूस काचेतून समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. बाबांचे डोळे मिटलेले होते. पाठ ताठ, हनुवटी वर. तिनं वायर तपासली, बटणं तपासली, आपल्या कानाला हेडफोन लावून पाहिला. शुकशुकाट. मग कागदाच्या कडेला ती पेन्सिलीनं खुणा करू लागली. तेरा खुणा झाल्या आणि बोट थांबलं. तिला वाटलं, संपलं. पण बाबा तसेच बसून होते, मान किंचित कललेली, एखाद्याची वाट बघावी तशी. मिनिटभरानं त्यांनी सुस्कारा सोडला, आणि बोट पुन्हा वर जाऊ लागलं. आणखी तेरा वेळा.

दार उघडून ती आत गेली. “बाबा, काय ऐकत होतात?”

“कुठे काय?”

“मशीन बंद होतं. तुम्ही सव्वीस वेळा बोट वर केलंत.”

बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “सव्वीसच ना? नीट मोजलंस?”

तिनं मनात पुन्हा मोजलं. कारण सत्तावीस हा आकडा त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होता.

बाबांना गावात ‘हजेरीमास्तर’ म्हणत. पंचवीस वर्षं ते बाटल्यांच्या कारखान्यात फाटकावर टाइमकीपर होते, म्हणून हे नाव, असं नव्या लोकांना वाटायचं. खरं तर नाव त्याआधीचं. तरुणपणी ते फौजेत होते, कंपनीचे कारकून. रोज सकाळी साडेसातला हजेरी घ्यायची. सरहद्दीवरच्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर कंपनी होती तेव्हा बाबांची अक्कलदाढ सुजली. गाल असा फुगला, की सगळे त्यांना ‘गालफुग्या’ म्हणायला लागले. त्या दिवशी हजेरी घेऊन ते रसदीच्या ट्रकवर चढले आणि दात उपटून घ्यायला खाली गेले. दुपारी गालात कापूस कोंबून परतले, तर तोफगोळ्यांनी टेकडीवर जायची वाट बंद झाली होती. सकाळी ज्यांनी ‘हजर’ म्हटलं होतं, त्यांतले सत्तावीस गेले होते.

ते सगळे आसपासच्याच गावांतले. दोन वर्षांनी बागेच्या तोंडाशी, बसथांब्यासमोर, त्यांच्या नावांचा दगड उभा राहिला. आणि त्या तारखेला सकाळी साडेसातला नावं वाचायचं काम बाबांकडे आलं, ते अडतीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. दगडावर नावं अक्षरांच्या क्रमानं होती. बाबा मात्र वाचायचे हजेरीच्या क्रमानं, ज्या क्रमानं ते लोक त्या सकाळी उभे होते. कागद नाही, काही नाही. नंबर, हुद्दा, नाव. मग थांबायचं. मग पुढचा.

ते थांबणंच लोकांना जड जायचं. समितीचे चिटणीस, औषधांच्या दुकानाचे मालक, दरवर्षी म्हणायचे, “मास्तर, जरा उरका, लोकांना कामावर जायचंय.” बाबा मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी तितकाच वेळ घ्यायचे. लेक लहानपणी आईचा हात धरून थंडीत उभी असायची. प्रत्येक नावानंतर बाबांची मान किंचित खाली जाते, हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. फाटकावर कामगार आत शिरला की ते अशीच मान हलवायचे. आई चिडून म्हणायची, “माझी सवत आहे ती हजेरी. बरं, भांडायची सोय नाही तिच्याशी.”

पंचक्रोशीत कुणी म्हातारा सैनिक वारला, तरी बाबा जायचे. एकच कोट, पण इस्त्री अशी, की कडेनं भाजी चिरावी. पोचवायच्या आधी ते पुढे व्हायचे आणि गेलेल्याचा नंबर, हुद्दा, नाव तीनदा घ्यायचे. दोनदा नुसतं. तिसऱ्यांदा घेऊन थांबायचे, मान हलवायचे आणि मागे सरायचे. एका विधवेनं एकदा लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, “तुझे बाबा कुणाला हो म्हणाले गं?” तिला उत्तर देता आलं नव्हतं. आता आई जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक बाबांजवळ राहायला आली होती, आणि त्या प्रश्नाचं उत्तर समोर हेडफोन मांडीवर घेऊन बसलं होतं.

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बाबांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “आत शांत होतं, मनातच हजेरी घेतली. दगडापाशी पहिल्या वर्षी उत्तरं आली, तेव्हा मला वाटलं, मनाचे खेळ. पण आमच्या कंपनीत तो डावखुरा होता ना, तो कधी ‘हजर’ म्हणायचा नाही, ‘हाजिर’ म्हणायचा. त्यानं ‘हाजिर’ म्हटलं. त्याच घोगऱ्या आवाजात.”

“बाबा, या वयात कानात आवाज येतात. रोज चार पेशंट तेच सांगतात मला. त्याला औषध आहे.”

“असेल. पण मग तो आवाज चौदाव्या नंबरला गप्प का बसतो?”

चौदावा नंबर म्हणजे उचकी. घाबरला की त्याला उचकी लागायची, म्हणून हे नाव. त्याचं शरीर मिळालं नव्हतं. नाव मात्र दगडावर होतं, आणि त्याची थोरली बहीण, बाजारात लोकर आणि बटणांचं दुकान चालवणाऱ्या लोकरवाल्या मावशी, दरवर्षी पहिल्या रांगेत फुलं घेऊन उभ्या असायच्या.

“अडतीस वर्षं त्याच्यासाठी सगळ्यांत जास्त थांबतोय,” बाबा म्हणाले. “सव्वीस बोलतात. तो नाही. एक तर रुसलाय, नाहीतर तो त्यांच्यात नाहीच.”

लेकीनं त्यांना डाव्या कानाचं यंत्र बसवून दिलं आणि तो खुणांचा कागद फाडून टाकला. पण त्या दिवसापासून काचेपलीकडे पेशंट बसला, की मशीन चालू आहे ना हे ती दोनदोनदा बघायची.

त्या वर्षीची तारीख आली. कडाक्याची थंडी, शाळेची पोरं रांगेत, चिटणीस घड्याळाकडे बघताहेत. तेरा नावं झाली. बाबांनी चौदावं घेतलं. थांबले. पुन्हा घेतलं, मोठ्यानं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग बाबांनी ते तिसऱ्यांदा घेतलं, असं काही खडसावून, की बसथांब्यावरचे लोकही वळून बघू लागले. पहिल्या रांगेत लोकरवाल्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला. बाबांनी सुस्कारा सोडला आणि पंधरावं नाव घेतलं.

आठ दिवसांनी पाकीट आलं. वर पत्ता एवढाच: ‘हजेरीमास्तर, स्मारकाजवळ.’ पोस्टमन ओळखीचा, म्हणून पोचलं. आत धोब्याच्या दुकानातली एक पावती, आणि तिच्या पाठीवर तीन ओळी.

‘दरवर्षी एकदा बोलावतोस. या वर्षी तीनदा बोलावलंस. गालफुग्या, पुढच्या वर्षी बोलावू नको, मला ऐकू येतं.’

लेकीनं पत्र दोनदा वाचलं. पावतीच्या पुढच्या बाजूला दुकानाचा पत्ता छापलेला होता. ते शहर बसनं सहा तासांवर होतं.

“कुणीतरी चेष्टा केली असेल,” ती म्हणाली, पण तिचा तिच्याच आवाजावर विश्वास बसेना. बसथांब्यावरच्यांना त्या सकाळचं ठाऊक होतं, हे ठीक. गालफुग्या हे नाव आता कुणाला ठाऊक होतं?

रविवारी दोघं गेली. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. वर तारेवर शर्टांची रांग, खाली टेबल, वाफेचा वास. टेबलामागे एक जाडजूड म्हातारा कॉलरीवर इस्त्री फिरवत होता. त्यानं वर पाहिलं. बाबांना पाहिलं. इस्त्री उभी केली. तोंड उघडलं, आणि त्याला उचकी लागली.

बाबांनी खुर्ची ओढून घेतली. बराच वेळ दुकानात नुसती उचकीच ऐकू येत होती. लेकीनं माठातलं पाणी त्याला दिलं.

“धडाका झाला,” तो शेवटी म्हणाला. “शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या अंगावर चौघं होते. त्यांच्याखालून निघालो आणि उतरलो. चुकीच्या बाजूनं. महिनाभर कुठे होतो, मलाही सांगता येणार नाही. माणसांत आलो, तोवर मी मेलो होतो. आई चारचौघांत सांगत होती, माझा मुलगा टेकडीवर पडला. आता जाऊन काय सांगू तिला? पळालो म्हणून?”

“आणि हाक?”

“पहिल्या वर्षी एका हॉटेलात भांडी घासत होतो. साडेसातला तुझा आवाज आला. नंबर, हुद्दा, नाव. हातातली बशी फुटली. गाव बदललं. तिथेही आला. चार गावं बदलली रे. दार लावून, कानात बोळे घालून बसलो, तरी येतो. बाहेरून नाहीच येत तो.”

“मग उत्तर का दिलं नाहीस?”

उचकीनं एक शर्ट घेतला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “तू हाक मारलीस, की बाकीचे दिसतात. रांगेत उभे. माझी जागा रिकामी. सगळे माझ्याकडे बघत असतात, रागानं नाही, नुसते. ‘हजर’ म्हटलं, की तिथे जाऊन उभं राहावं लागणार. तुझ्या त्या थांबण्याची मला भीती वाटते, गालफुग्या. सगळ्यांपेक्षा जास्त थांबतोस माझ्यासाठी.”

“मला वाटायचं, तुला ऐकायला उशीर होत असेल.”

दोघं हसले. लेकीला मात्र हसू आलं नाही. तिची नजर तारेवरच्या शर्टांवर गेली होती. वारा नव्हता, पंखा नव्हता, आणि बाह्या हळूहळू हलत होत्या. वाफेनं हलत असतील.

निघताना बाबांनी शब्द दिला. नाव घेणार नाही. आणि तो जिवंत आहे तोवर कुणाला सांगणार नाही, त्याच्या बहिणीलासुद्धा.

“ताई कशी आहे?” उचकीनं तेवढंच विचारलं.

“दुकान चालवते. तुझ्यासाठी फुलं आणते.”

पुढच्या वर्षी बाबांनी सव्वीस नावं वाचली. तेराव्यानंतर थेट पंधरावं. कागद नसल्यानं चुकलं, असं आधी लोकांना वाटलं. चिटणिसांनी हळूच आठवण करून दिली. बाबा म्हणाले, “चूक नाही. मी घेतलं नाही.”

लोकरवाल्या मावशी रांग सोडून पुढे आल्या. “मास्तर, माझ्या भावानं काय घोडं मारलंय तुमचं?”

बाबांनी नजर दगडाकडे वळवली.

“गेल्या वर्षी तीनदा घेतलंत, या वर्षी एकदाही नाही. त्याचं नाव काय खेळणं आहे?”

“मला सांगता येणार नाही, बाई.”

मावशींनी हातातली फुलं दगडापाशी न ठेवता परत नेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, हजेरीमास्तरांचं डोकं फिरलंय. कुणी म्हणे, जुनं वैर असेल. समितीची बैठक झाली आणि चाळीस वर्षांचं काम एका ठरावात बाबांच्या हातून गेलं. लेकीनं त्या रात्री जेवताना म्हटलं, “निदान मावशींना तरी सांगा. तुमच्या तोंडाला काळं फासताहेत सगळे.”

“शब्द दिलाय,” बाबा म्हणाले. “आणि माझ्या तोंडाचं काय, एकदा सुजलं होतं, त्यावर जगलो इतकी वर्षं.” हा विनोद होता. पण त्या हिवाळ्यात ते फारसे घराबाहेर पडले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी नावं वाचली शाळेच्या मुख्याध्यापकांनी, लाउडस्पीकरवर, कागद हातात धरून. सत्तावीस नावं, तीन मिनिटं. बाबा गर्दीच्या मागे, झाडाखाली उभे होते. लेक शेजारी. नावं अक्षरांच्या क्रमानं चालली होती, त्यामुळे उचकीचं कधी येईल याचा तिला अंदाज नव्हता. ती बाबांकडेच बघत होती. इतकी भराभर नावं जात होती, की बाबांची मान एकदाही हलली नाही. मग उचकीचं नाव आलं आणि गेलं, पुढचीही दोन गेली, आणि बाबांनी एकदम तिचा दंड पकडला. मान खाली गेली. एकदाच.

“आला,” ते म्हणाले.

ती सरळ बसथांब्यावर गेली आणि दोघांची तिकिटं काढली.

दुकानाचं दार लोटलेलं होतं. घरमालकीण बाहेर स्टुलावर बसली होती. तिनं सांगितलं, “सकाळी रोजच्यासारखे आले, इस्त्री तापत ठेवली. मी इथंच झाडत होते. साडेसात वाजून गेले असतील. बघते तर टेबलामागे ताठ उभे, हात खाली सोडलेले. काहीतरी एकच शब्द बोलले मोठ्यानं. रस्त्यावर गाडी जात होती, मला नीट कळला नाही. मी आत जाईपर्यंत खाली बसले होते. गेले होते.” मग जरा थांबून म्हणाली, “इतकी वर्षं ऐकतेय त्यांची उचकी. आज नव्हती.”

बाबा दिलेल्या शब्दातून मोकळे झाले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी पोस्टातून लोकरवाल्या मावशींना फोन लावला. काय बोलणं झालं, ते लेकीला काचेपलीकडून ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की बाबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता.

मावशी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आल्या. भावाचं तोंड बघितलं. मग बाबांकडे वळल्या. “एकोणचाळीस वर्षं मी दगडाला फुलं वाहिली, आणि हा सहा तासांवर लोकांचे शर्ट इस्त्री करत होता. तुम्हाला दोन वर्षं ठाऊक होतं.”

“हो.”

“या दोन वर्षांत मी त्याला जिवंत बघू शकले असते.”

पोचवायच्या वेळी बाबांनी नंबर, हुद्दा, नाव तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा घेऊन ते थांबलेच नाहीत. लगेच मागे सरले. परतीच्या बसमध्ये मावशी सगळ्यांत पुढच्या बाकावर बसल्या, ही दोघं मागे. त्यानंतर मावशींनी बाबांशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसले, तर पलीकडच्या बाजूला जायच्या. समितीनं बाबांना पुन्हा बोलावलं, पण बाबा गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, शब्द पाळला ते बरोबर केलं, आणि मावशींशी चुकीचं वागलो, तेही खरं. दोन्ही खरं असू शकतं, हे त्यांना शेवटपर्यंत छळत राहिलं.

दोन वर्षांनी, वसंतातल्या एका सकाळी, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कानातलं यंत्र त्यांनी काढून टेबलावर ठेवलं होतं.

बरेच लोक आले. कारखान्यातले, फौजेतले दोघं-तिघं, चिटणीसही. सगळं आवरलं, आणि मग अचानक सगळे थांबले. कशासाठी, ते आधी कुणालाच कळेना. मग कळलं. आजवर प्रत्येकाच्या वेळी पुढे होऊन नाव घेणारा माणूस आज आडवा होता.

गर्दीतून लोकरवाल्या मावशी पुढे आल्या. त्या आल्यात, हेच लेकीला ठाऊक नव्हतं. “त्यांचं नाव कोण घेणार?” त्यांनी विचारलं. मग लेकीकडे वळल्या. “तुला नंबर पाठ आहे ना?”

लेकीला पाठ होता. तिनं नंबर, हुद्दा, नाव घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळेला मात्र तिच्या घशातून आवाज फुटेना. रडू नव्हतं ते. सबंध आयुष्य ती लोकांना ऐकू येतं का, हे बघत आली होती, आणि आता आपल्याला ऐकू आलं तर काय, या भीतीनं तिची जीभ टाळूला चिकटली.

मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. सावकाश, लोकर मोजावी तसं. मग थांबल्या. बाबा थांबायचे तितक्या थांबल्या. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मावशींच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले, आणि त्यांनी मान खाली केली.

“चला,” त्या म्हणाल्या.

परत येताना लेकीनं त्यांना गाठलं. “मावशी, काही ऐकू आलं का?”

“ते मला विचारायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “आणि मी सांगायची नाही.”

त्या वर्षापासून नावं मावशी वाचतात. समितीनं आढेवेढे घेतले, पण त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार. सत्तावीसच्या सत्तावीस वाचतात, हजेरीच्या क्रमानं, अकरा मिनिटं लावून. लेक पहिल्या रांगेत उभी असते. तिनं कानांवर दोन्ही हात घट्ट दाबलेले असतात. लोकांना वाटतं, तिला थंडी वाजते.